चार दश्श्या काढल्या की काय होतं? ब्लॅकजॅक आणि स्पॅनिश २१ मधला फरक

पत्त्यांचा एक कॅट घ्या आणि त्यातल्या चारही दश्श्या काढून बाजूला ठेवा. गुलाम, राणी, राजा यांना हात लावू नका. उरलेले ४८ पत्ते पिसा आणि नेहमीसारखा ब्लॅकजॅक वाटायला घ्या. पहिल्या पाच-दहा डावांत काही वेगळं जाणवणार नाही. चित्रं येतात, एक्के येतात, कुणी २१ करतं, कुणी बाद होतं. पण त्या चार पत्त्यांबरोबर खेळणाऱ्याच्या बाजूचं बरंच काही निघून गेलेलं असतं, आणि किती गेलं हे नुसतं बघून कळत नाही.

स्पॅनिश २१ हा कॅसिनोतला खेळ याच एका कृतीवर उभा आहे. १९९५ साली अमेरिकेतल्या मास्क पब्लिशिंग या कंपनीने तो बाजारात आणला. नाव पडलं ते स्पेनच्या पारंपरिक पत्त्यांवरून. तिथल्या ४८ पानांच्या जोडात प्रत्येक रंगाची एक ते नऊ अंकांची पानं आणि वर तीन चित्रं असतात, दहा ठिपक्यांचं पान नसतंच. खेळताना मात्र पत्ते नेहमीचेच वापरतात, फक्त दश्श्या काढून. असे सहा किंवा आठ कॅट एकत्र करतात, म्हणजे टेबलावर २८८ किंवा ३८४ पत्ते असतात.

या खेळाबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, दश्श्या काढणं ही उघड लूट आहे. दुसरा म्हणतो, इतके बोनस आणि इतक्या सवलती, हा तर ब्लॅकजॅकपेक्षा चांगला. मला दोन्ही मतं अर्धीच वाटतात. हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा व्यवहार आहे खरा, पण इथे आवळे बरेच आहेत. ते एकूण एक वेचले तर वजन कोहळ्याच्या जवळपास भरतं. जो वेचत नाही त्याचा कोहळा मात्र गेलेलाच असतो. म्हणून आधी कोहळा मोजू, मग आवळ्यांकडे येऊ.

नेहमीचा खेळ कसा चालतो

ज्यांना ब्लॅकजॅक येतो त्यांनी हा भाग भराभर वाचला तरी चालेल. खेळणाऱ्याला दोन पत्ते मिळतात, डीलरला, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटून खेळणाऱ्याला, दोन, त्यातला डीलरचा एक उघडा. हवे तर आणखी पत्ते घेऊन, २१ च्या वर न जाता, डीलरपेक्षा जास्त बेरीज करायची, एवढाच खेळ. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पत्त्याची किंमत त्याच्या अंकाएवढी, चित्रांची दहा, एक्क्याची एक किंवा अकरा, जशी सोयीची पडेल तशी. २१ च्या वर गेलात की बाद. पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान आलं तर तो ब्लॅकजॅक, आणि त्यावर दीडपट पैसे मिळतात, म्हणजे १० डॉलरवर १५. बाकी जिंकलेल्या हातावर लावले तेवढेच. डीलरला स्वतःचं डोकं चालवायची मुभा नाही. १६ पर्यंत त्याने पत्ता घ्यायचाच आणि १७ ला थांबायचं.

मग कॅसिनो कमावतं कुठून? तुम्ही आधी खेळता, यातून. तुम्ही बाद झालात की पैसे तिथेच गेले. मागून डीलरही बाद झाला तरी ते परत येत नाहीत. डीलर साधारण शंभरात २८ वेळा बाद होतो. तुम्ही डोळे मिटून त्याचीच नक्कल केलीत, म्हणजे १६ पर्यंत घेत राहिलात, तर तुम्हीही तेवढ्याच वेळा बाद व्हाल. दोघंही बाद होण्याची वेळ शंभरात आठेक वेळा येते, आणि त्या आठही वेळा पैसे कॅसिनोचे. ब्लॅकजॅकच्या दीडपटीमुळे त्यातले सव्वादोन टक्के परत येतात. उरते ती साडेपाच टक्क्यांच्या आसपासची कॅसिनोची आघाडी. तिला हाऊस एज म्हणतात.

खेळणाऱ्याला हा आकडा खाली आणता येतो, कारण त्याच्याकडे निवड असते. कुठे थांबायचं, कुठे पैज दुप्पट करायची, कुठे जोडी फोडायची, म्हणजे दोन सारख्या पानांचे दोन वेगळे हात करायचे. अमेरिकी सैन्यातल्या बाल्डविन, कँटी, मायझल आणि मॅकडर्मट या चौघांनी साध्या टेबलावरच्या गणकयंत्रांवर ही सगळी आकडेमोड केली आणि १९५६ साली प्रसिद्ध केली. त्यातूनच पुढे ज्याला बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात तो तक्ता आला. चांगल्या नियमांच्या टेबलावर तो तक्ता तंतोतंत पाळला तर हाऊस एज अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. पण ती आकडेमोड ५२ पानांच्या कॅटची आहे, आणि स्पॅनिश २१ मध्ये गोंधळ होतो तो इथेच. टेबल तसंच, डीलर तसाच, पत्तेही ओळखीचे. त्यामुळे माणूस पाठ केलेली उत्तरं घेऊन बसतो, आणि प्रश्न बदलला आहे हे त्याच्या लक्षात येत नाही.

कोहळा किती मोठा

दहाच्या किमतीची पानं नेहमीच्या कॅटमध्ये १६ असतात, म्हणजे दर १३ पानांमागे ४, जवळपास ३०.८ टक्के. दश्श्या काढल्यावर १२ उरतात, म्हणजे दर १२ पानांमागे ३, बरोबर २५ टक्के. फरक पावणेसहा टक्क्यांचा. वाचायला किरकोळ वाटतो, पण ब्लॅकजॅकमध्ये दहाच्या पानाइतकं खेळणाऱ्याच्या कामाचं पान दुसरं नाही. एक्का सोडला तर.

पहिलं नुकसान ब्लॅकजॅकचं. सहा कॅटच्या नेहमीच्या टेबलावर तो सरासरी २१ हातांत एकदा येतो. स्पॅनिश २१ मध्ये जवळपास २४ हातांत एकदा. तो डीलरलाही कमीच येतो, पण डीलरच्या ब्लॅकजॅकवर तुमचे लावलेले पैसेच जातात, दीडपट जात नाहीत. दीडपट फक्त तुमची. म्हणून तो दोघांनाही सारखाच कमी आला तरी तोटा तुमच्या बाजूला पडतो.

दुसरं नुकसान डबलचं. हातात अकरा आहेत, पैज दुप्पट केली आणि एक पत्ता मागितला, तर मनात दहाचंच पान असतं. पूर्वी ते तेरात चार वेळा यायचं, आता बारात तीन वेळा.

तिसरं नुकसान सहज लक्षात येत नाही, पण माझ्या मते तेच मुळाशी आहे. डीलरकडे १६ झाले की त्याला पत्ता घ्यावाच लागतो. नेहमीच्या कॅटमध्ये त्याला बाद करणारी पानं तेरापैकी आठ प्रकारची: सहा ते नऊ, दश्शी आणि तीन चित्रं. म्हणजे ६१.५ टक्के. दश्शी काढली की बारापैकी सात, ५८.३ टक्के. तुम्ही तुमच्या १३ वर हात बांधून बसलात आणि डीलर फुटायची वाट पाहताय, तर तुमचा सगळा भरवसा त्या पानांवर आहे. ती कमी झाली की डीलर अवघड जागेतून जास्त वेळा सुखरूप बाहेर पडतो.

सगळं मिळून किती? एका कॅटमधून दहाच्या किमतीचं एक पान काढलं तर खेळणाऱ्याचं नुकसान साधारण अर्ध्या टक्क्याने वाढतं. चार पानं, म्हणजे दोन टक्के. आधीचा अर्धा टक्का धरला तर, बाकी काही न बदलता नुसत्या दश्श्या काढल्या तर हाऊस एज अडीच टक्क्यांच्या घरात जातो. ज्या खेळाचा एकूण फरकच अर्ध्या टक्क्याचा, तिथे दोन टक्के ही लहान गोष्ट नाही.

इन्शुरन्स नावाची जी बाजूची पैज असते तिथे हा फरक अगदी उघडा पडतो. डीलरचा एक्का दिसला की तुम्हाला विचारतात, याच्या खाली दहाचं पान आहे यावर पैज लावता का? लागली तर दुप्पट. सहा कॅटच्या नेहमीच्या टेबलावर दिसणारा एक्का वजा केला तर ३११ पैकी ९६ पानं तुमच्या कामाची. हिशेब केला तर या पैजेत दर शंभर डॉलरमागे ७.४० डॉलर जातात. तेही वाईटच. स्पॅनिश २१ मध्ये २८७ पैकी ७२ पानं, आणि तोटा शंभरामागे २४.७० डॉलर. पैजेचा जवळपास चौथा हिस्सा दर वेळी कॅसिनोच्या पेटीत. नेहमीच्या खेळात स्वतःकडे ब्लॅकजॅक असताना काही जण ‘निदान हातचं जाऊ नये’ म्हणून इन्शुरन्स घेतात. इथे त्या भीतीलाही जागा नाही, कारण या खेळात तुमचा ब्लॅकजॅक डीलरच्या ब्लॅकजॅकलाही हरवतो. तरीही लोक घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नियमाची एक ओळ माहीत असती तर ते पैसे वाचले असते.

आता आवळे

तुमचं २१ झालं की तुम्ही जिंकलात, हा पहिला आणि सगळ्यात सुटसुटीत नियम. डीलरनेही २१ केले तरी. नेहमीच्या टेबलावर अशा वेळी बरोबरी होते आणि पैसे जागेवर राहतात. इथे तसं नाही. अपवाद एकच: डीलरकडे पहिल्या दोन पानांत ब्लॅकजॅक निघाला तर तो तिथेच डाव संपवतो, आणि तुमच्याकडेही ब्लॅकजॅक नसेल तर तुम्हाला २१ करायची संधीच मिळत नाही.

डबलची सवलत त्याहून मोठी आहे. नेहमीच्या खेळात पैज दुप्पट करायची ती पहिल्या दोन पानांवर. इथे तीन, चार, कितीही पानं झाल्यावर करता येते. एक्क्यांची जोडी फोडली तर नेहमीच्या बहुतेक टेबलांवर प्रत्येक एक्क्यावर एकच पान देतात आणि थांबवतात. इथे पुढेही घेता येतं, डबलही करता येतं. हात आवडला नाही तर अर्धे पैसे सोडून डाव टाकून द्यायची, म्हणजे सरेंडरची, मुभाही आहे.

आणि मग येतो डबल रेस्क्यू. हा नियम मला या खेळातला सगळ्यात हुशार नियम वाटतो, म्हणून एक हात सावकाश पाहू.

१० डॉलर लावलेत. हातात पंजी आणि छक्की, म्हणजे ११. डीलरची नव्वी दिसतेय. तुम्ही आणखी १० ठेवून डबल करता आणि एक पान मागता. येते तिर्री. १४ झाले. नेहमीच्या खेळात आता काहीही करता येत नाही. २० डॉलर अडकले, आणि ते परत येण्याचा रस्ता एकच, डीलर बाद होणं. स्पॅनिश २१ मध्ये तुम्ही म्हणू शकता, मला रेस्क्यू हवा. मूळचे १० कॅसिनोला द्यायचे, डबलचे १० उचलून परत घ्यायचे, हात संपला.

घ्यावा का? हिशेब सोपा आहे. थांबलात आणि डीलर चारात एकदा बाद झाला, तर एकदा २० मिळतील आणि तीनदा २० जातील. चार डावांत ४० डॉलरचा तोटा, म्हणजे डावामागे १०. रेस्क्यूतही बरोबर १०च जातात. तेव्हा प्रश्न इतकाच उरतो की डीलर चारात एकदापेक्षा जास्त बाद होतो की कमी. अठ्ठी, नव्वी, चित्र किंवा एक्का दाखवणारा डीलर त्याहून कमी वेळा बाद होतो. म्हणून १२ ते १६ वर अडकलेला डबल, समोर आठ किंवा त्यावरचं पान असेल, तर सोडवून घ्यायचा. चार वेळांत एक ही सीमारेषा ध्यानात ठेवली की पाठांतराची गरजच राहत नाही.

हा नियम फारच कमी लोक वापरतात. डबल करताना मनाने आपण मोठ्या विजयाच्या बाजूला गेलेलो असतो, आणि लगेच त्यातून माघार घेणं जिवावर येतं. शिवाय डीलर स्वतःहून विचारेलच असं नाही. सवलत नियमात लिहिलेली असते, ती मागायची तुम्ही.

चौदा म्हणजे नुसते चौदा नव्हेत

बोनसांचा भाग लोकांना सगळ्यात आधी दिसतो, कारण तो टेबलावर ठळक छापलेला असतो. पाच पानांत २१ केले तर दीडपट, सहा पानांत दुप्पट, सात किंवा जास्त पानांत तिप्पट. ६-७-८ किंवा ७-७-७ करून २१ आले तर वेगवेगळ्या रंगांना दीडपट, एकाच रंगाला दुप्पट आणि इस्पिकला तिप्पट. डबल केलेल्या हातावर हे बोनस मिळत नाहीत.

पैशांपेक्षा मला यातली दुसरी गोष्ट जास्त रंजक वाटते. नेहमीच्या ब्लॅकजॅकमध्ये हातात चौदा आहेत म्हटलं की जवळपास सगळं सांगून झालं. ते चित्र आणि चौकटच्या चारने झाले की अठ्ठी-छक्कीने, याने निर्णय सहसा बदलत नाही. स्पॅनिश २१ मध्ये बदलतो. अठ्ठी-छक्कीच्या चौदाला एक सत्ती लागली की बोनस. दुर्री, तिर्री, पंजी आणि चौकी असे चार पानांत चौदा झाले असतील तर पाचव्या पानाला सत्ती आली की तोही बोनस. म्हणून या खेळाच्या तक्त्यात ‘थांबा, पण चार किंवा जास्त पानं हातात असतील तर घ्या’ अशा खुणा असलेले चौकोन असतात. नुसती बेरीज करून भागत नाही. बेरीज कशाची झाली हेही बघावं लागतं.

याच मुळे साधे निर्णयही हलतात. १२ चं उदाहरण घ्या. नेहमीच्या खेळात डीलरचे चार, पाच किंवा सहा दिसले तर १२ वर थांबतात, कारण पत्ता घेतला तर बाद व्हायची शक्यता तेरात चार. इथे ती बारात तीन झाली, डीलरही पूर्वीइतका बाद होत नाही, वर २१ झाले तर ते नक्की जिंकतात. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. म्हणून स्पॅनिश २१ मध्ये १२ वर कायम पत्ता घ्यायचा, समोर काहीही असो. डबलचं उलटं. नेहमीच्या खेळात १० असले तर डीलरच्या दुर्रीपासून नव्वीपर्यंत डबल करतात, इथे त्याहून कमी पानांसमोर. ९ वर नेहमी तिर्रीपासून छक्कीपर्यंत, इथे फक्त छक्कीसमोर. जुना तक्ता घेऊन बसलेला माणूस या प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं गमावतो, आणि एकेक तोटा इतका बारीक असतो की तो त्याला कधीच कळत नाही.

एक हजार डॉलरची सत्ती

सर्वांत मोठं बक्षीस सुपर बोनस. तुमच्याकडे एकाच रंगाच्या तीन सत्त्या आणि डीलरचं उघडं पानही सत्ती. पैज ५ ते २४ डॉलर असेल तर १००० डॉलर, २५ किंवा जास्त असेल तर ५०००. टेबलावरच्या बाकी खेळणाऱ्यांनाही ५०-५० डॉलर मिळतात.

सहा कॅटच्या टेबलावर हे किती वेळा घडतं ते मोजता येतं. एकाच रंगाच्या तीन सत्त्या पहिल्या तीन पानांत येणं ४९,२४९ हातांत एकदा. त्यावर डीलरची सत्ती असणं धरलं तर सुमारे ६ लाख ६८ हजार हातांत एकदा. तासाला ६० हात आणि रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता खेळलात, तर सरासरीने पावणेचार वर्षांहून थोडा जास्त काळ लागेल. तोवर ५ डॉलरप्रमाणे ३३ लाख डॉलरच्या वर पैजा लावून झालेल्या असतील. हाऊस एजमधून हा बोनस जेमतेम ०.०३ टक्के कमी करतो. टेबलावर जी गोष्ट सगळ्यात मोठ्या अक्षरात असते तिचं वजन सगळ्यात कमी असतं, हे मला अशा प्रत्येक खेळात दिसत आलं आहे.

पण त्या वाटेवर एक सुंदर क्षण आहे. समजा पैज ५ डॉलरची, हातात इस्पिकच्या दोन सत्त्या आल्यात आणि डीलरची बदामची सत्ती उघडी आहे. इतर वेळी सत्त्यांची जोडी सत्तीसमोर फोडतात. इथे फोडायची नाही, पत्ता मागायचा. उरलेल्या २८५ पानांत इस्पिकच्या चार सत्त्या आहेत. लागण्याची शक्यता ७१ मध्ये एक. हजार डॉलरचा ७१ वा भाग म्हणजे १४ डॉलर. पाच डॉलरच्या डावात नुसत्या एका शक्यतेची किंमत १४ डॉलर आहे, आणि जोडी फोडली की ती तुम्ही आपल्या हाताने टाकून देता. बहुतेक वेळा तिथे भलतंच पान येणार. तरीही मागायचाच.

हिशेब जुळवला तर

कोहळा दोन टक्क्यांचा होता. सगळे आवळे वेचणाऱ्याला त्यातलं बहुतेक परत मिळतं, पण शेवटचा आकडा एका बारीक नियमावर अडतो: डीलर सॉफ्ट १७ ला, म्हणजे एक्का आणि छक्कीसारख्या हातावर, थांबतो की पत्ता घेतो. थांबत असेल तर स्पॅनिश २१ चा हाऊस एज ०.४ टक्क्याच्या आसपास, नेहमीच्या चांगल्या ब्लॅकजॅकच्या तोडीचा. घेत असेल तर जवळपास दुप्पट, ०.८ च्या जवळ. काही टेबलांवर डबल केलेल्या हातावर पुन्हा डबल करू देतात, आणि तेवढ्याने तो पुन्हा ०.४ च्या घरात येतो. हे सगळे आकडे नवा तक्ता बिनचूक खेळणाऱ्याचे आहेत.

१० डॉलरची पैज आणि तासाला ६० हात धरले तर तासाला ६०० डॉलर लागतात. ०.४ टक्क्याने त्यातले २.४० जातील, ०.८ ने ४.८०. ही सरासरी आहे. एखाद्या संध्याकाळी शंभर-दोनशे डॉलर इकडेतिकडे होणं अगदी साधी गोष्ट, आणि म्हणूनच आपण बरोबर खेळलो की चूक हे एका बैठकीच्या निकालावरून कधीच कळत नाही.

याच्या शेजारी एक वेगळं टेबल ठेवून बघा, कारण माझी खरी तक्रार त्या टेबलाबद्दल आहे. नाव साधं ‘ब्लॅकजॅक’. पत्ते पूर्ण ५२, दश्श्या जागेवर. फक्त ब्लॅकजॅकला दीडपटीऐवजी ६ ला ५, म्हणजे १० डॉलरवर १५ च्या जागी १२. वाटतं, तीनच डॉलर तर कमी. पण दर १०० हातांत साडेचार वेळा तुमचा ब्लॅकजॅक जिंकतो आणि प्रत्येक वेळी पैजेचा ०.३ भाग कापला जातो. गुणाकार करा: १.३५ टक्के. मूळच्या अर्ध्या टक्क्यात ते मिळवले तर तासाला ११ डॉलरच्या वर तोटा. बदल्यात एकही आवळा नाही. स्पॅनिश २१ निदान आपल्या नावातच सांगतो की मी वेगळा आहे. या ६ ला ५ च्या टेबलावर फक्त एक ओळ बदललेली असते आणि ती न वाचता लोक बसतात. या दोघांतलं एक निवडायचं झालं, तर नवा तक्ता शिकायची तयारी असणाऱ्याला मी स्पॅनिश २१ च सांगेन.

दुसरी भावंडं थोडक्यात. ब्लॅकजॅक स्विचमध्ये दोन हात मिळतात आणि त्यांची वरची पानं अदलाबदल करता येतात. ही फार मोठी सवलत आहे, म्हणून तिथे ब्लॅकजॅकला एकपटच मिळतात, आणि डीलरचे २२ झाले तर तो बाद न होता बरोबरी धरतात. डबल एक्स्पोजरमध्ये डीलरची दोन्ही पानं उघडी असतात, पण बरोबरी झाली की पैसे डीलरचे. ऑस्ट्रेलियातल्या कॅसिनोंत पोंटून नावाने जे चालतं ते स्पॅनिश २१ चंच भावंड आहे, फक्त डीलर स्वतःचं दुसरं पान सगळे खेळून झाल्यावर घेतो. ब्रिटनमधला पोंटून मात्र वेगळाच खेळ, नावावरून फसू नये.

शिकायचं असेल तर पैसे न लावता, ज्या कॅटमधून दश्श्या काढल्या त्यावरच सराव करा. सगळ्यात जास्त वेळ १२ वर जाईल. समोर पंजी दिसली की हात सवयीने थांबतो, कारण वर्षानुवर्षं तेच बरोबर होतं. अशा वेळी बाजूला काढून ठेवलेल्या त्या चार दश्श्यांकडे एकदा बघा आणि पत्ता मागा.